जुनं टपाल जपायचं तर

जुन्या टपालाचं नुकसान वाळवीइतकंच आपुलकीनेही होतं, हे मी घरातच पाहिलं आहे.

आमच्या हर्णेत पत्रं तारेला टोचून ठेवायची पद्धत होती. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचं पत्र वाचून झालं की खुंटीवरच्या तारेला जायचं. अशाच एका तारेतून आमच्याकडे पाव आण्याचं कार्ड आणि काही पाकिटं निघाली. चुलतभावाने हौसेने ती दापोलीला नेली आणि लॅमिनेट करून आणली. तो चकचकीत थर आता काढायचा म्हणजे कागदच सोलून काढायचा. मधोमध तारेचं गंजलेलं भोक तेवढं स्पष्ट दिसतं, पण कागद, शाई, शिक्का यातलं काहीच नीट तपासता येत नाही. संग्राहकाच्या लेखी ते कार्ड संपलं. म्हणून लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, डिंकही नको. भोक असलं तर असू द्या, तोही त्या पत्राचा इतिहास आहे.

दुसरी हौस तिकिटं सोडवायची. पाकीट पाण्यात भिजवून तिकीट काढतात आणि पाकीट टाकून देतात. खरा ऐवज ते अख्खं पाकीट असतं. दर, तारीख, निघाल्याचं गाव, पाठीमागचा पोचल्याचा शिक्का, सगळं एका जागी असतं. कॅलिफोर्नियात 1848 साली सोनं सापडलं आणि जगभरची माणसं तिकडे धावली. खाणींची, सान फ्रान्सिस्कोची चित्रं छापलेले पत्रकागद तिथे विकले जात. त्यावर मजकूर लिहून लोक ते घरी धाडत. आज संग्राहक त्या कागदांना जपतात ते चित्र, हस्ताक्षर आणि टपालखुणा एकत्र आहेत म्हणून. त्यातली एक गोष्ट कापून घेतली की उरलेल्यांची किंमत गेली.

सचित्र पाकिटं विकत घेताना तारखांचं गणित करा. मुंबईत एका विक्रेत्याने माझ्यापुढे गांधीजींच्या चित्राचं, 1948 चा शिक्का असलेलं पाकीट ठेवलं. गांधीजींची तिकिटं 15 ऑगस्ट 1948 ला निघाली, तेव्हा वरवर सगळं जुळत होतं. पण पत्त्याखाली सहा छोटे चौकोन छापलेले होते. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला! मी ते तिथेच ठेवलं. असेच आणखी दोन आडाखे: नव्या पैशांतलं तिकीट 1957 च्या आधीच्या पाकिटावर असूच शकत नाही, आणि सबंध हिंदुस्थानात चालणारी तिकिटं 1 ऑक्टोबर 1854 पासूनची. शिक्का तिकिटावरून सलग पाकिटावर उतरलाय ना, हेही भिंगाने बघा. तिकिटाच्या कडेशी तो तुटला असेल तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असण्याची शक्यता मोठी.

आता आपल्या खाऱ्या हवेबद्दल. टाचण्या आणि स्टेपल आधी काढा. समुद्रकाठी त्या गंजून कागद खातात. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या शाईला चिकटतात, त्याऐवजी आम्लविरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक खोळीत पाकिटं उभी ठेवा. लोखंडी कपाट भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, आणि उघाड मिळाली की पाकिटं सावलीत वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका.

सुरुवात महागड्या पाकिटांनी करायची गरज नाही. आपल्या सुवर्णदुर्गाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या कान्होजी आंग्र्यांवर टपाल खात्याने 1999 साली तिकीट काढलं; त्याचं प्रथम दिवस आवरण शोधा. नवी पाकिटं मुंबईच्या जीपीओतल्या फिलाटेलिक ब्युरोत मिळतात. घरचं पत्र असेल तर कोणी कोणाला लिहिलं, कुठे सापडलं, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. ते सांगू शकणारी वडीलधारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.