गिऱ्हाइकाला माल सापडतो का? वेबसाइटचा मेन्यू तपासण्याचा धडा

आपल्या समाजातील अनेक दुकानदार आणि कारागीर आता स्वतःची वेबसाइट काढू लागले आहेत. कुणी अत्तराची, कुणी चपलांची, कुणी कापडाची, तर कुणी लाकूडकामाची. वेबसाइट बनवून देणाऱ्याला पैसे मोजले जातात, मालाचे फोटो काढले जातात, दुकानाच्या पाटीवर पत्ताही रंगवला जातो. चार-सहा महिन्यांनी तक्रार ऐकू येते की लोक साइट उघडतात, पण ऑर्डर देत नाहीत. मग किमती महाग पडल्या, जाहिरात कमी पडली, अशी कारणे शोधली जातात. ती खरी असू शकतात. परंतु त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: आलेल्या गिऱ्हाइकाला हवा तो माल सापडला का?

हा प्रश्न तपासण्याची एक रीत आहे. तिला इंग्रजीत 'युजेबिलिटी टेस्टिंग' म्हणतात, आम्ही तिला वापर-चाचणी म्हणू. तिला फार पैसा लागत नाही की संगणकाची पदवी लागत नाही. ती कशी करायची, एवढेच या लेखात पाहू.

मुकाट्याने परत जाणारे गिऱ्हाईक

दुकानात गिऱ्हाईक इकडे तिकडे पाहू लागले की आपण "काय दाखवू?" असे विचारतो. त्याने चुकीचा शब्द वापरला तरी आपल्याला कळते आणि आपण बरोबर फळीवरचा माल काढून देतो. वेबसाइटवर असा विचारणारा कुणी नसतो. ते काम मेन्यूने करायचे असते. मालाच्या विभागांची यादी, त्याखालचे पोटविभाग, शोधण्याची चौकट आणि मागे फिरण्याची वाट, या सगळ्याला मिळून नेव्हिगेशन म्हणतात. ते समजले नाही तर गिऱ्हाईक भांडत नाही आणि तक्रारही करत नाही. ते निघून जाते, आणि ते का गेले हे मालकाला कधीच कळत नाही.

मोठ्या कंपन्यांचीही अशीच गत झालेली आहे. १९९९ साली अमेरिकेच्या 'आयबीएम' कंपनीच्या वेबसाइटवर सर्वांत जास्त वापरली जाणारी सोय म्हणजे शोध-चौकट होती, कारण साइटवर वाट सापडत नव्हती. दुसरा क्रमांक मदतीच्या बटनाचा होता, कारण शोध घेऊनही नीट काही हाती लागत नव्हते. कंपनीने शंभराहून अधिक माणसे लावून दहा आठवड्यांत साइटची फेरमांडणी केली. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिलेल्या वृत्तानुसार, नंतरच्या पहिल्याच आठवड्यात मदतीच्या बटनाचा वापर ८४ टक्क्यांनी घटला आणि विक्री ४०० टक्क्यांनी वाढली.

याउलट लंडनहून चालणाऱ्या 'बू डॉट कॉम' या कपड्यांच्या वेबसाइटची कथा. ती नोव्हेंबर १९९९ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली आणि मे २००० मध्ये बंद पडली. सुमारे साडेतेरा कोटी डॉलर बुडाले. बुडण्याची कारणे अनेक होती, उधळपट्टी हे त्यातले मोठे. पण साइटवर सजावट भरपूर आणि वाट अवघड, हेही त्यातले एक होते. त्या काळच्या मंद इंटरनेटवर तिची पाने उघडता उघडत नसत.

यातून घेण्याचा धडा असा की सजावटीच्या आधी वाट तपासावी. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर "अमुक वस्तू तुमच्या साइटवर कुठे आहे?" असे विचारणारे संदेश वारंवार येत असतील, तर मेन्यू आपले काम करत नाही असे समजावे.

मेन्यू कुणाच्या भाषेत?

बहुतेक दोष एकाच ठिकाणी असतो. मालक मेन्यू लिहितो तो आपल्या गोदामाच्या हिशेबाने. कापडवाला 'केंब्रिक', 'रेयॉन', 'पॉपलिन' असे कप्पे पाडतो. ते व्यापाऱ्याला सोयीचे आहे. पण घरातली बाई शोधते 'कुर्त्याचे कापड', 'अस्तर', 'दुपट्टा'. औरंगाबादी हिमरूचे नाव आपल्याला अभिमानाचे आहे, परंतु दूरच्या शहरातील माणसाला हवी असते शाल. त्याला 'शाल' हा शब्द दिसला तर तो आत येईल, आणि आत आल्यावर हिमरू म्हणजे काय हे वाचेल. नुसते 'हिमरू' लिहिले तर तो दारातूनच परत जाईल.

पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या अमेरिकेतील दोन संशोधकांनी १९९० च्या दशकात याचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे की जनावर जसे वासाच्या सुगाव्यावर भक्ष्याकडे जाते, तसा माणूस शब्दांच्या सुगाव्यावर माहितीकडे जातो. सुगावा तीव्र असला की तो पुढे जातो, मंदावला की वाट सोडतो. 'खास आपल्यासाठी', 'आमचा खजिना', 'इतर' अशा नावांना कसलाच सुगावा नसतो. 'इतर' या कप्प्यात तर आपण नको त्याबरोबर हवा तो मालही टाकून ठेवतो.

एकच वस्तू दोन ठिकाणी ठेवायला हरकत नाही. अत्तराची पेटी 'अत्तर' मध्येही असावी आणि 'भेटवस्तू' मध्येही. गोदामात एक वस्तू दोन फळ्यांवर ठेवता येत नाही, वेबसाइटवर ठेवता येते. शोध-चौकटीलाही 'अत्तर', 'इत्र' आणि 'परफ्यूम' हे तिन्ही शब्द कळले पाहिजेत, कारण गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत लिहिते.

पहिली चाचणी: कागदाच्या चिठ्ठ्यांवर

वेबसाइट तयार होण्यापूर्वीच ही चाचणी करता येते. आपल्या मालातील तीस-चाळीस वस्तूंची नावे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. ओळखीच्या पण धंद्याबाहेरच्या माणसाला त्या द्या आणि सांगा, "ज्या वस्तू एकत्र असाव्यात असे वाटते त्यांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या." चार-पाच जणांकडून हे करून घेतले की लोक माल कसा वाटून पाहतात ते कळते. त्यांनी दिलेली नावे जशीच्या तशी लिहून ठेवा. मेन्यूचे शब्द त्यातूनच मिळतील.

त्यानंतर उलटी चाचणी करा. ऑस्ट्रेलियातील डोना स्पेन्सर यांनी २००३ साली ही पद्धत मांडली. एका चिठ्ठीवर मेन्यूचे मुख्य विभाग लिहा. प्रत्येक विभागाचे पोटविभाग वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. मग समोरच्याला एक काम द्या: "लहान मुलासाठी सणाचा कुर्ता हवा आहे. कुठे पाहाल?" त्याने विभाग सांगितला की त्या विभागाची चिठ्ठी पुढे करा. तो चुकला तर हसू नका, समजावू नका, फक्त नोंद करा. दहा कामे पंधरा-वीस मिनिटांत होतात.

यात त्याच्या पहिल्या निवडीकडे विशेष लक्ष द्यावे. बॉब बेली आणि कॅरी वुल्फसन यांच्या अभ्यासात असे दिसले की ज्यांचे पहिले पाऊल बरोबर पडले त्यांच्यापैकी ८७ टक्के लोकांचे काम फत्ते झाले. ज्यांचे पहिले पाऊल चुकले त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्क्यांवर आले. म्हणून मुख्य विभागांची नावे ठरवताना घाई करू नये.

दुसरी चाचणी: हातात मोबाइल देऊन

साइट तयार झाली की खऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइल द्या. नवा महागडा फोन नको, आपले गिऱ्हाईक वापरते तसा साधा फोन असावा. या वेळी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) घरची माणसे, नोकर आणि वेबसाइट बनवणारा यांना चाचणीला बसवू नये. त्यांना वाट आधीच पाठ असते.

२) काम सांगताना मेन्यूतील शब्द उच्चारू नये. "भेटवस्तू विभाग उघडा" असे म्हटले की उत्तर आपणच सांगितले. "मित्राच्या लग्नाला पाचशे रुपयांच्या आत काही द्यायचे आहे, निवडा" असे म्हणावे.

३) मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगावे. ही रीत 'आयबीएम'च्या क्लेटन लुईस यांनी १९८२ साली संगणकाच्या कामात रूढ केली. "हे बटन कशाचे?", "परत कसे जायचे?" असे त्याचे उद्गार जसेच्या तसे टिपून घ्यावेत.

४) आपण गप्प बसावे. दुकानदाराला हे सर्वांत कठीण जाते, कारण मदत करणे हा त्याचा स्वभाव असतो. पण आपण बोट दाखवले की चाचणी संपली.

५) "साइट आवडली का?" असे विचारू नये. आपला माणूस भिडेखातर "छान आहे" असेच म्हणणार. त्याने काय केले ते पाहावे.

मोबाइलवर जागा कमी म्हणून तीन आडव्या रेघांच्या खुणेमागे सगळा मेन्यू लपवण्याची पद्धत आहे. निल्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेने २०१६ साली केलेल्या अभ्यासात असे आढळले की लपवलेला मेन्यू लोक कमी वापरतात आणि त्यांना काम उरकायला वेळही जास्त लागतो. विभाग चार-पाचच असतील तर ते उघडे ठेवणे चांगले. हेही चाचणीत तपासून पाहावे.

किती माणसे पुरतात?

जेकब निल्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ साली याचे गणित मांडले. सरासरीने एका माणसाच्या चाचणीत एकूण दोषांपैकी सुमारे ३१ टक्के दोष दिसतात. दुसऱ्याच्या चाचणीत काही जुने आणि काही नवे दिसतात. या हिशेबाने तीन माणसांत सुमारे ६७ टक्के आणि पाच माणसांत सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात. म्हणून पंधरा माणसे मिळत असतील तर ती एकदम बसवू नयेत. पाच जणांची चाचणी करावी, दोष दुरुस्त करावेत, मग दुसरे पाच, नंतर तिसरे पाच बोलवावेत.

या गणितावर आक्षेपही आहे. जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी २००१ साली विक्रीच्या मोठ्या साइट तपासल्या, तेव्हा पाच माणसे मुळीच पुरली नाहीत. माल अनेक प्रकारचा आणि प्रत्येकाची खरेदी वेगळी, त्यामुळे प्रत्येकाला वेगळीच अडचण आली. आमच्या मते लहान दुकानदाराने पाच जणांपासून सुरुवात करावी, परंतु आपली गिऱ्हाइके दोन प्रकारची असतील तर दोन्हींची चाचणी वेगळी घ्यावी. ताक्याने माल उचलणारा घाऊक व्यापारी आणि अडीच मीटर घेणारी गृहिणी एकाच वाटेने माल शोधत नाहीत.

नोंद आणि दुरुस्ती

साधी वही पुरे. प्रत्येक कामासाठी चार रकाने आखावेत: पहिल्यांदा बोट कुठे लावले, माल सापडला की नाही, किती वेळा मागे फिरला, काय बोलला. पाचांपैकी दोघे एकाच जागी अडले तर तो दोष आधी काढावा. बहुतेक वेळा विभागाचे नाव बदलल्याने किंवा वस्तू दुसऱ्या कप्प्यात ठेवल्याने काम भागते. एका वेळी थोडेच बदल करावेत, म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

एक व्यवहाराची गोष्ट. वेबसाइट बनवणाऱ्याशी ठरवतानाच लेखी घ्यावे की विभागांची नावे आणि क्रम आपल्याला स्वतः, जादा पैसे न देता बदलता येतील. तसेच शेवटचा हप्ता दोन चाचण्या आणि त्यानंतरची दुरुस्ती झाल्यावरच द्यायचा. आधी सगळे पैसे देऊन मोकळे झालेल्या दुकानदाराला पुढे एक शब्द बदलण्यासाठी महिनाभर फोन करावे लागतात.

ईदचा हंगाम असो की लग्नसराई, गर्दीच्या दोन महिने आधी ही चाचणी उरकावी. ऐन हंगामात मेन्यू हलवला तर नेहमीची गिऱ्हाइकेही गोंधळतात. पाच माणसांचा चहा, येण्याजाण्याचे भाडे आणि एखादी छोटी भेट एवढाच खर्च आहे. जाहिरातीवर पुढचा रुपया घालण्याआधी हा खर्च करावा, अशी आमची व्यापारी बंधू-भगिनींना आग्रहाची सूचना आहे. जाहिरातीने गिऱ्हाईक दारापर्यंत येते, आतली वाट मात्र आपल्यालाच नीट करावी लागते.