दोन तासांचे सात्त्विक दान



गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे आली आहेत : योग्य स्थळ, योग्य काळ, योग्य पात्र आणि परतफेडीची अपेक्षा नाही. विद्यार्थ्याजवळ पैसा थोडाच असतो. वेळ मात्र देता येतो. विशेष बालकांच्या पालकांना वेळ कसा द्यावा, याचा आज अभ्यास करू.

स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. भरवणे, अंघोळ, व्यायाम, रात्रीची जाग. यात सुट्टीचा वार नसतो. अशा पालकांना काही तास मोकळे करणे म्हणजे विसावा सेवा. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत अशा विसाव्याची सोय आहे, पण अशी केंद्रे गावोगावी नाहीत. तिथे विद्यार्थी उपयोगी पडू शकतात.

स्थळ : मुलाचे स्वतःचे घर. पहिल्या तीन-चार भेटींत पालक घरीच असावेत. मूल ‘हो’ आणि ‘नको’ कसे सांगते, कशाला घाबरते, फोन कोणाला करायचा, हे वहीत लिहून घ्या. नेहमी दोघांनी मिळून जा. भरवणे, औषध, स्वच्छता ही कामे पालकांनी शिकवल्याशिवाय करू नका. गिळायला त्रास असलेल्या मुलाला आडवे ठेवून भरवल्यास घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. फिट आल्यास कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

काळ : पालकांना हवा तो आणि दर वेळी तोच. आपण गेलो नाही तर आईचे दवाखान्याचे किंवा बँकेचे काम राहते. ठरलेला क्रम मोडला की अनेक स्वमग्न मुले अस्वस्थ होतात. परीक्षेच्या तारखा आपल्याला आधी कळतात. तेव्हाच बदली साधक ठरवून त्याची मुलाशी ओळख करून द्या. दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याने जा, पण शब्द पाळा. शिक्षण संपून गाव सोडाल, तेव्हा निरोप घेऊन जा.

पात्र : संपूर्ण कुटुंब. मुलाच्या भावंडाचा अभ्यास घेतला, तर तीही सेवाच. आई त्या दोन तासांत नुसती झोपली, तरी सेवा पूर्ण झाली. तिने सत्संगाला यावे असा आग्रह धरू नका. पूर्वकर्माचा विषय त्या घरात काढू नका; तो तिने पुष्कळांकडून ऐकलेला असतो आणि त्याने तिचे ओझे हलके होत नाही. मुलाचे फोटो काढून समूहावर टाकू नका.

अपेक्षा : वर्षभर जाऊनही मूल कदाचित तुमचे नाव घेणार नाही. काही वेळा ते तुमच्याकडे पाहणारही नाही. त्या दिवशी मन खट्टू झाले, तर आपण नकळत काय मागत होतो ते कळेल. पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी पुन्हा दार वाजवणे, हीच त्या दिवसाची साधना.

मननासाठी

१. माझ्या परिसरात असे कुटुंब कोणते? त्यांना काय हवे, हे मी विचारले आहे का?
२. परीक्षेच्या काळातही निभेल असा कोणता शब्द मी देऊ शकतो?
३. माझ्यासोबत जाणारा दुसरा साधक कोण?