पाण्याची वाट

'नहर' हा शब्द मला तुम्हांला शिकवावा लागणार नाही. तो तुमच्या घरातलाच आहे. मराठीत त्याला कालवा किंवा पाट म्हणतात. पण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे मराठी बोलणारी माणसेही 'नहर' असेच म्हणतात. त्याला कारण आहे मलिक अंबर.

मलिक अंबर मूळचा हबशी, आजच्या इथिओपिया देशातला. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला. पुढे स्वतःच्या कर्तबगारीने तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी हे गाव वसवले. तेच पुढचे औरंगाबाद. गावाजवळ खाम ही लहानशी नदी होती, परंतु वाढत्या शहराची तहान तिच्यावर भागणारी नव्हती. मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांकडे पाहिले. तेथे पावसाचे पाणी जमिनीत मुरत असे. ते पाणी त्याने जमिनीखालीच अडवले आणि भुयारासारख्या नहरीतून उताराने शहरात आणले. ना पंप, ना मोट! पाणी आपल्याच वजनाने चालत आले. नहरीत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी तोंडे ठेवली होती. पुढे हे पाणी खापरी नळांतून जाई. वाटेत उंच मनोरे बांधले होते. नळात अडकलेली हवा त्यांतून बाहेर पडे.

मागे एकदा मी नववीच्या मुलांना तेथील पाणचक्की दाखवायला नेले. डोंगरातून आलेल्या पाण्याच्या धारेवर तेथे जाते फिरत असे आणि फकीर व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जात असे. मुले हौदातले मासे पाहण्यात दंग होती. एका मुलाने मात्र विचारले, "सर, पाणी झाकून का आणलं? उघड्या पाटातून आणलं असतं तर खर्च वाचला असता."

प्रश्न चांगला होता. उघड्या पाटात धूळ पडते, जनावरे उतरतात, कोणी कपडे धुते. उन्हाने पाणी उडून जाते ते वेगळेच. मी त्याला भिंतीपलीकडची खाम नदी दाखवली. उघडी नदी, आणि तिच्यात शहराची गटारे सोडलेली. त्या दिवशी तिचा वास आमच्यापर्यंत येत होता. (अलीकडे ती स्वच्छ करण्याचे काम सुरू झाले आहे, हेही सांगितले पाहिजे.) झाकलेली नहरही पूर्ण वाचली नाही. घरांचे पाये खोदताना, रस्ते करताना ती जागोजागी फुटली. चारशे वर्षे टिकलेली वस्तू एका कुदळीने फुटते.

तुम्ही म्हणाल, आता नहरीचे काय काम? आता नळ आहेत. खरे आहे. आज त्या शहराला पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी पंपाने मिळते. ते गाळून, औषध घालून शुद्ध केले जाते. पण शुद्ध केलेले पाणी तुमच्या माठापर्यंत येताना कोठून येते, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय?

आमच्या मोहल्ल्यात ते मला पाहावे लागले. एका पावसाळ्यात घरोघर कावीळ झाली. माझ्या वर्गातली सात मुले गैरहजर होती. नळाला पहिली दहा मिनिटे पिवळट, वास मारणारे पाणी येई. आम्ही नळाच्या वाटेने चालत गेलो, तर लोखंडी नळ चक्क गटारातून गेलेला! पाणी चालू असते तेव्हा नळात दाब असतो. फुटक्या जागेतून पाणी बाहेर पडते, आत काही शिरत नाही. पाणी बंद झाले की दाब जातो आणि त्याच छिद्रातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. दोन दिवसांआड पाणी सोडणाऱ्या गावात हा धोका जास्त.

मुलांनी अर्ज लिहिला. उर्दूत लिहिणे त्यांना सोपे गेले असते. पण कचेरीत मराठी अर्ज द्यायचा होता. पहिल्या अर्जात नुसते 'पाणी फार खराब आहे, कृपया लक्ष द्यावे' असे होते. त्याला उत्तर आले नाही. मला राग आला, पण अर्ज पुन्हा वाचल्यावर चूक आमचीही दिसली. कोठे, केव्हा, किती घरांत, काहीच लिहिले नव्हते. दुसऱ्या अर्जात मुलांनी तारखा घातल्या, आजारी पडलेल्या घरांची संख्या दिली, फुटका नळ कोणत्या खांबासमोर आहे ते नकाशा काढून दाखवले. १९७४ सालापासून आपल्या देशात पाणी दूषित करण्याविरुद्ध कायदा आहे, हेही एकीने शेवटी लिहिले. 'दूषित' हा शब्द तिने तीनदा खोडून बरोबर केला होता.

अर्जावर शिक्का मारून घेतला. पोच जपून ठेवली. अकराव्या दिवशी माणसे आली आणि त्यांनी नळ गटारातून काढून रस्त्याच्या दुसऱ्या कडेने नेला. तोवर मोहल्ल्यात पाणी उकळून प्यायले जात होते. दुसऱ्या गल्लीतला नळ अजून गटारातच आहे. त्या गल्लीतल्या मुलांचा अर्ज सध्या माझ्या टेबलावर तपासायला पडला आहे. त्यात तारीख घालायची राहिली आहे.