लाइव्ह अडकतंय? आधी अपलोड बघा

प्रश्न : घरच्या गणपतीची आरती अमेरिकेतल्या लेकीसाठी यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. 100 एमबीपीएसचा प्लॅन असूनही चित्र अडकतं. अमेरिका लांब म्हणून का? मोठा प्लॅन घेऊ?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात पैसे घालवू नका. यूट्यूब तुमचं चित्र सहसा जवळच्या सर्व्हरवर घेतं, अमेरिकेपर्यंत तेच पोचवतं. तुमच्याकडून लागतो तो अपलोडचा वेग. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. स्पीड टेस्ट करून बघा. 720पी चित्राला साधारण 4 एमबीपीएस लागतात, हाताशी 8 तरी असू द्यात.

जुन्या घरातल्या जाड भिंतींपुढे वाय-फाय दमतं. लॅपटॉपला लॅनची वायर जोडा. फोनवरून दाखवत असाल तर राउटरच देवघराजवळ आणा. आरतीपुरता सगळ्यांच्या फोनचा फोटो-बॅकअप बंद ठेवा. वीज जाते, तेव्हा राउटरला छोटा यूपीएस हवाच. अपलोड तरीही कमी भरलं, तरच प्लॅन बदला.