एंटर नेमके कोणते बटण दाबतो?

हजेरीचा एक छोटा प्रोग्राम घेऊ. कॅडेटची नोंद निवडून ‘डिलीट’ म्हटले की डायलॉग विचारतो, ‘नोंद काढायची का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’ ही बटणे. हात सवयीने एंटरवर पडतो आणि नोंद जाते. माउसने चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. भरभर कीबोर्ड चालवणाऱ्याला मात्र तो भोवतो.

मुळाशी दोन गोष्टींची गल्लत असते. फोकस म्हणजे कीबोर्ड या क्षणी ज्या घटकाशी जोडलेला आहे ती जागा. टॅब दाबला की ती पुढे सरकते. डीफॉल्ट बटण म्हणजे फोकस दुसरीकडे असतानाही एंटरला प्रतिसाद देणारे बटण. विंडोज फॉर्म्समध्ये ते फॉर्मच्या ‘अ‍ॅक्सेप्टबटन’ या गुणधर्माने ठरते. एस्केपसाठी ‘कॅन्सलबटन’ असते.

नियम असा: फोकस एखाद्या बटणावर असेल तर एंटर तेच बटण दाबतो. फोकस नाव लिहिण्याच्या एका ओळीच्या चौकटीत असेल, तर डीफॉल्ट बटण दाबले जाते. या नियमाच्या आधारे दोष पुढील क्रमाने शोधावा.

१. भलतेच बटण दाबले जाते: डायलॉग उघडताच फोकस कोठे आहे ते पाहा. तो टॅबच्या क्रमातील पहिल्या घटकाकडे जातो. ‘अ‍ॅक्सेप्टबटन’ बरोबर असूनही क्रमात ‘रद्द’ पहिले असेल, तर एंटरने रद्दच होणार. ‘टॅबइंडेक्स’चे आकडे सुधारा.

२. कोडमधून दिलेला फोकस लागत नाही: ‘लोड’च्या वेळी फॉर्म पडद्यावर आलेला नसतो आणि न दिसणारा घटक फोकस घेत नाही. तो कोड ‘शोन’मध्ये लिहा, किंवा ‘अ‍ॅक्टिव्हकंट्रोल’ हा गुणधर्म वापरा.

३. एंटरने फक्त नवी ओळ येते: अनेक ओळींच्या चौकटीत ‘अ‍ॅक्सेप्ट्सरिटर्न’ चालू आहे. ते बंद केल्यास एंटर डीफॉल्ट बटणाकडे जातो. नवी ओळ कंट्रोल-एंटरने घेता येते.

आता आपल्या डिलीटकडे वळू. तयार ‘मेसेजबॉक्स’मध्ये वेगळे सांगितले नाही तर पहिले बटण डीफॉल्ट असते, म्हणजे येथे ‘होय’. म्हणून ‘मेसेजबॉक्सडीफॉल्टबटन’मध्ये दुसरे बटण निवडा. शिवाय नुसत्या ‘होय-नाही’ प्रकारात एस्केप चालत नाही. माघारीची वाट हवी असेल तर ‘होय-नाही-रद्द’ हा प्रकार घ्या.

रायफल हाताळताना सेफ्टी कॅच आधी ‘सेफ’वर असतो, गोळी झाडायची तर तो मुद्दाम हलवावा लागतो. जे कृत्य मागे घेता येत नाही, त्याच्या डायलॉगलाही हीच शिस्त लावावी.

सराव: आपला प्रोग्राम उघडा, माउस बाजूला ठेवा आणि प्रत्येक डायलॉगमध्ये एंटर, एस्केप, टॅब व स्पेस दाबून काय होते ते वहीत लिहा. जेथे अंदाज चुकेल, तेथे दुरुस्ती करा.