रविवारचा अंक आणि पंचावन्न इंच

गेल्या काही वर्षांत मी चार टीव्ही निवडले. दोन आमच्या कोल्हापूरच्या हॉलसाठी, एक देवरुखला माझ्या आईच्या माजघरासाठी आणि एक पुण्यात लेकीच्या फ्लॅटसाठी. पहिला, २०१७ सालचा, चुकला. त्या चुकीपायी सासूबाईंचे आठ महिने धूसर चित्र बघण्यात गेले. त्यांचं वय तेव्हा शहात्तर, दुपारची विरंगुळ्याची जागा तेवढी एकच, म्हणून ती चूक मला अजून लागून राहिली आहे. नवा टीव्ही घ्यायला निघालेल्या कुणाच्या घरी तसं होऊ नये यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी भिंत मोजा

टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. त्यामुळे ४३ इंची म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं आणि भिंतीवर जे येतं त्यात फरक पडतो. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच असतो. ४३ इंची ९५ रुंद, ५४ उंच. ५५ इंची १२२ रुंद, ६९ उंच. म्हणजे ३२ वरून ४३ वर गेलं की आकडा अकराने वाढतो, पण पडदा जवळपास पावणेदोन पट होतो.

२०२१ मध्ये दुसरा टीव्ही घेताना मी रविवारच्या अंकाची पानं चिकटपट्टीने जोडली आणि तिन्ही मापांचे कागद कापले. रोज एक कागद भिंतीवर लावायचा आणि सासूबाईंनी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसायचं. खुर्चीपासून भिंत बरोबर नऊ फूट. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. पहिल्या दिवशी ४३ चा कागद बघून त्या म्हणाल्या, "अगं, चित्राचं राहू दे. बातम्यांच्या खाली ती पट्टी पळते ना, ती मला वाचता आली पाहिजे." मग मी प्रत्येक कागदावर तळाशी मार्करने एक ओळ लिहिली. अक्षराची उंची पडद्याच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढी ठेवली, कारण जुन्या टीव्हीवर पट्टी मोजली तेव्हा अक्षरं साधारण तेवढीच भरली होती. ४३ च्या कागदावरची ओळ त्यांना अडखळत वाचता आली. ५५ वरची एका दमात वाचली. माप तिथेच ठरलं, दुकानात जायच्या चार दिवस आधी.

२. ठिपक्यांचा हिशेब अंतराशी जोडून करा

एचडी रेडी म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके, फुल एचडी म्हणजे पावणेएकवीस लाख, फोर के म्हणजे ८३ लाख. आकडे ऐकून सगळ्यात मोठा घ्यावासा वाटतो. पण डोळ्यालाही मर्यादा असते. फुल एचडी पडद्याच्या उंचीच्या सव्वातीन पटीपेक्षा लांब बसलात, तर निरोगी डोळ्यालाही त्याचे ठिपके सुटे दिसत नाहीत. ५५ इंची पडद्यासाठी हे अंतर सव्वासात फुटांच्या आसपास येतं. आम्ही बसतो नऊ फुटांवर. तिथून फुल एचडी आणि फोर के यांतला फरक फक्त ठिपक्यांच्या जोरावर कळणं अवघड. आम्ही फोर के घेतला तो त्या मापात दुकानात दुसरं काही नव्हतं म्हणून. त्यासाठी वेगळे पैसे मोजले नाहीत.

देवरुखला उलट झालं. माजघर लहान, आईची बैठक पडद्यापासून सहा फुटांवर, आणि छपरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची तबकडी. तिच्यावर येणारं चित्र बहुतेक साध्या दर्जाचं. ३२ इंची एचडी रेडी टीव्ही तिला सहा फुटांवरून पुरेपूर होतो. माझ्या भावाला वाटत होतं की आईला निदान फुल एचडी तरी द्यावा. मी नको म्हटलं आणि वाचलेल्या पैशांतून सोलर दिवा घेतला, कारण तिथे पावसाळ्यात वीज सारखी जाते.

३. घरात येणारं चित्र कसं आहे ते बघा

२०१७ ची चूक इथली. ४० इंची फुल एचडी टीव्ही आला आणि सासूबाई दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या की जुन्या २१ इंची डब्यात माणसं स्वच्छ दिसायची. मला वाटलं, त्यांच्या नजरेला सवय नाही. मी त्यांना दोन वेळा चष्म्याचा नंबर तपासायला नेलं.

त्यांचं म्हणणं खरं होतं. साध्या दर्जाच्या वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांहूनही कमी ठिपके. ते फुल एचडीवर ताणलं की मूळ एक ठिपका पाच ठिपक्यांवर पसरतो, फोर केवर वीस ठिपक्यांवर. पडदा जितका मोठा आणि बारकाव्याचा, तितकं साधं चित्र जास्त उघडं पडतं.

आम्ही मग एचडी बॉक्स घेतला, मराठी वाहिन्यांचा एचडी पॅक सुरू केला, तरी चित्र तसंच. आठ महिन्यांनी दिवाळीच्या साफसफाईला भाचा आला होता. त्याने टीव्ही पुढे ओढला, मागे हात घातला आणि पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिनांची वायर बाहेर काढून मला दाखवली. बॉक्स बसवणाऱ्याने जुनीच वायर जोडून दिली होती. त्या पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही. बॉक्स एचडी, वाहिनी एचडी, टीव्ही एचडी, आणि मधली एक वायर सगळं साध्या दर्जावर आणत होती. एचडीएमआय वायर बॉक्सच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडली होती, वरची गाठही सोडलेली नव्हती. ती जोडल्यावर मालिकेतल्या बाईच्या साडीचे काठ दिसायला लागले आणि सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी सांगत होते."

तुमच्या घरी आज टीव्ही असेल तर हे वाचून झाल्यावर त्याच्या मागे एकदा बघा.

४. दुकानातल्या चित्रावर जाऊ नका

दुकानात सगळे टीव्ही भडक मोडवर ठेवलेले असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र उठून दिसावं म्हणून उजळपणा आणि रंग पूर्ण चढवतात. वर दाखवतात काय, तर फळांच्या फोडी, पोपट, समुद्रातले मासे. असं चित्र खास चित्रित केलेलं असतं आणि ते कुठल्याही पडद्यावर छान दिसतं. मी पेन ड्राइव्हवर लेकीच्या लग्नाची चित्रफीत नेते. त्यातले चेहरे माझ्या ओळखीचे आहेत. भावाचा सावळा रंग तांबूस दिसला, आईचे पांढरे केस निळसर झाले, की मला लगेच कळतं. विक्रेत्याला सांगून मोड स्टँडर्ड किंवा सिनेमा करून घ्यायचा, केबलवरची एखादी बातम्यांची वाहिनी लावायला सांगायची आणि घरी जेवढं अंतर आहे तेवढं मागे जाऊन बघायचं.

आणि बाजूनेही बघायचं. आमच्या घरी दिवाण भिंतीला काटकोनात आहे, त्यावर बसणारा पडद्याकडे तिरकाच बघतो. काही पडद्यांत समोरून काळा रंग दाट दिसतो, पण बाजूने गेलं की चेहरे फिके पडतात. त्यांना व्हीए पॅनल म्हणतात. आयपीएस पॅनलचा काळा रंग जरा राखाडी असतो, पण बाजूने रंग टिकतो. एकट्यादुकट्याने समोर बसून रात्री सिनेमे बघायचे असतील तर पहिला चांगला. आमच्यासारख्या, चार दिशांना पाच माणसं बसणाऱ्या घरात दुसरा. खोक्यावर हे सहसा लिहिलेलं नसतं, म्हणून चालत जाऊन बघायचं.

५. उजेड

बंद टीव्ही हा काळा आरसा असतो. समोर बाल्कनीचं दार असेल तर दुपारी त्यात पडदे आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. लेकीच्या फ्लॅटमध्ये आम्ही टीव्हीची भिंतच बदलली. तो खर्च एका लांब वायरीचा आणि एका सॉकेटचा होता.

६. उंचावर टांगू नका

बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास असावा. आम्ही पहिला टीव्ही शोकेसच्या वर, पावणेसहा फुटांवर लावला होता, कारण तिथे तो शोभत होता. महिन्याभरात यांची मान दुखायला लागली. बसवायला येणारे कारागीर घाईत असतात आणि ‘सगळ्यांकडे इथेच लावतो’ म्हणून ड्रिल सुरू करतात. भिंतीवर पेन्सिलने खूण आधीच करून ठेवा. टेबलावर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतर विचारा. हल्ली पाय पार कडेला असतात, आणि लेकीचा ४३ इंची संच तिच्या तीन फुटी टेबलावर बसलाच नाही.

७. आवाजासाठी पैसे राखून ठेवा

पडदा पातळ झाला तसे स्पीकर लहान झाले आणि त्यांची तोंडं खाली किंवा मागे गेली. वयस्कर माणसाला त्यामुळे संगीत मोठं ऐकू येतं आणि संवाद कळत नाहीत. मग आवाज वाढवला जातो, शेजारी तक्रार करतात, घरात चिडचिड होते. यात म्हाताऱ्या माणसाचा काही दोष नसतो. आधी आवाजाच्या मेनूत संवाद स्पष्ट करणारा पर्याय सापडतो का ते बघा. नाहीच भागलं तर साधा साउंडबार जोडा. तो एचडीएमआय वायरने जोडणार असाल तर टीव्हीच्या एका एचडीएमआय खाचेवर एआरसी असं लिहिलेलं हवं. माझं ठाम मत आहे की वरच्या किमतीच्या मॉडेलला जाण्यापेक्षा खालचं घेऊन उरलेल्या पैशांत आवाज सुधारावा.

८. स्मार्टपणा आधी म्हातारा होतो

पडदा दहा वर्षं चालू शकतो, पण आतली अ‍ॅप्स चार-पाच वर्षांत अडखळायला लागतात. तेव्हा काही हजारांची स्ट्रीमिंग स्टिक मागे लावली की काम होतं. त्यामुळे स्मार्ट सोयींवर भुलून पॅनल हलकं घेऊ नका. सासूबाईंच्या रिमोटवर मी चालू-बंद, आवाज आणि वाहिनी एवढ्याच बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत. तीन महिन्यांनी ते पुसट होतात, पुन्हा देते.

९. घरी आल्यावर

खोकं तंत्रज्ञ आल्यावरच फोडा. त्याच्यासमोर पूर्ण पांढरा, पूर्ण लाल आणि पूर्ण काळा पडदा लावून एखादा मेलेला ठिपका किंवा रेघ नाही ना ते बघा. पॅनलची वॉरंटी किती वर्षांची, हे बिलावर लिहून घ्या. पॅनल वॉरंटीबाहेर गेलं तर दुरुस्तीचा आकडा बहुतेक वेळा नव्या टीव्हीजवळ पोचतो.

मग सेटिंगमध्ये जाऊन शार्पनेस कमी करा आणि हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. तो चालू असला की सिनेमाही मालिकेसारखा दिसतो. जुना मराठी चित्रपट लागला की चित्राचं प्रमाण ४:३ करा. कडेला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. ज्या नटांना आपण लहानपणापासून बघितलं त्यांचे चेहरे पसरट करून बघणं मला सहन होत नाही.

पडदा ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. आमच्या शेजारी गणपतीच्या साफसफाईत पडद्यावर फवारा मारला गेला, पाणी ओघळून खालच्या कडेत शिरलं. पडद्याच्या नाजूक जोडण्या बहुधा तिथेच असतात. संध्याकाळपर्यंत उभ्या रेघा आल्या. कोरडं मऊ कापड पुरतं. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायच्या. देवरुखला आई आभाळ भरून आलं की आधी वाळवण आत घेते आणि मग या दोन वायरी काढते.

१०. पैशांचं थोडक्यात

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीच्या किमती मनात धरून भाव करू नका. विजेचं म्हणाल तर १०० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला की महिन्याला १५ युनिट होतात. स्टारच्या लेबलवर वर्षाचा आकडा असतो, दोन मॉडेलांत तो ताडून बघा.

११. जो बघणार त्याला विचारा

५५ इंची संच पक्का करायच्या दिवशी सासूबाईंना आम्ही रिक्षाने दुकानात नेलं. दुकानातल्या मुलाने खुर्ची आणून दिली. मी टेपने नऊ फूट मोजून खुर्ची ठेवली आणि बातम्या लावायला सांगितल्या. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग खालची पट्टी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली, पावसाची बातमी होती, आणि म्हणाल्या, "हा घ्या."

बहुतेक घरांत टीव्ही निवडतो कमावता माणूस आणि बघतो घरी असणारा. तुमच्याही घरी तसं असेल, तर खरेदीला जाताना त्या माणसाला बरोबर घेऊन जा, आणि त्याच्यासाठी एक खुर्ची मागून घ्या.