छोट्या विमानाचा आवाज आणि आपले कान : हेडसेट कसा निवडावा?



गेल्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. "सर, वैमानिकाच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला. पण हेडसेट स्वतःचा घ्यायचाय. एक तीस हजाराचा म्हणतात, एक लाखाच्या पुढचा. बाबांनी आधीच कर्ज काढलंय. काय करू?"

आता मी पडलो प्राथमिक शिक्षक. विमान चालवणं दूरच, विमानात बसलोय तेही एकदाच! पण प्रश्न ध्वनीचा होता आणि ध्वनी हा पाठ तर आपण दरवर्षी शिकवतो. म्हणून वाचलं, जाणकारांना विचारलं आणि जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

हेडसेट लागतोच कशाला?

पत्र्याच्या शाळेत पावसाळ्यात श्रुतलेखन घेतलंय कधी? आपण 'कान' म्हणतो, कुणी 'पान' लिहितं, कुणी 'तान'. 'आ' सगळ्यांना ऐकू जातो, पण क, प, त ही व्यंजनं पावसाच्या आवाजात बुडतात. स्वरांचा आवाज दणकट असतो, व्यंजनांचा नाजूक. आणि अर्थ तर व्यंजनांवरच उभा असतो.

छोट्या विमानात नेमकं हेच होतं. इंजिन आणि पंखा वैमानिकाच्या अगदी पुढ्यात असतात. आतला आवाज साधारण ९० डेसिबलच्या वर जातो. अशा गोंगाटात नियंत्रण कक्षाने सांगितलेली उंची किंवा धावपट्टीचा क्रमांक चुकीचा ऐकला तर? इथे लाल शाईने चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच रेडिओवर 'नाईन'ला 'नाइनर' म्हणतात आणि सूचना ऐकली की ती परत म्हणून दाखवतात.

दुसरा धोका हळूहळू येतो. कामाच्या ठिकाणी दिवसाचे ८ तास ८५ डेसिबल ही सुरक्षिततेची मर्यादा अमेरिकेतील 'नायॉश' ही संस्था सुचवते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला फक्त १ तास! कारण ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. वैद्यकीय तपासणीत कानांचीही परीक्षा होते. आतल्या कानातील बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे जी नोकरी मिळवायची, तिचं भांडवल हे कानच आहेत. एवढं लक्षात घेतलं की हेडसेट ही चैनीची वस्तू वाटत नाही.

आवाज अडवण्याचे दोन मार्ग

१) अडवणे : जाड कप, आत फोम आणि कानाभोवती मऊ गादी. याला पॅसिव्ह हेडसेट म्हणतात. डेव्हिड क्लार्क कंपनीचे हिरवे हेडसेट याच प्रकारासाठी ओळखले जातात. त्यांच्या एच १०-१३.४ या मॉडेलवर २३ डेसिबल आवाज कमी होतो असं लिहिलेलं असतं. ही प्रयोगशाळेतली मोजणी आहे. प्रत्यक्षात डोक्यावर तो नीट बसला नाही तर कमी फायदा मिळतो.

२) खोडून काढणे : कपात छोटा माईक असतो. तो आत शिरलेला आवाज ऐकतो आणि सर्किट त्याच्या बरोबर उलट लाट तयार करून स्पीकरमधून सोडतं. उंचवटा आणि खळगा एकत्र आले की सपाट! अधिक पाच आणि उणे पाच मिळून शून्य, तसंच. याला अ‍ॅक्टिव्ह किंवा ए.एन.आर. हेडसेट म्हणतात.

मूळ कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. पुढे अमर बोस यांना १९७८ मध्ये युरोपातून अमेरिकेला परतताना विमानातल्या गोंगाटामुळे संगीत नीट ऐकू येईना, आणि त्यांनी विमानातच आकडेमोड सुरू केली. त्यांचे वडील कोलकात्याहून अमेरिकेला गेलेले स्वातंत्र्यसैनिक. १९८६ मध्ये 'व्हॉयेजर' विमानाने कुठेही न थांबता सुमारे ९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा डिक रूटन आणि जीना यीगर यांनी बोस कंपनीचे प्रायोगिक हेडसेट वापरले. १९८९ मध्ये ते बाजारात आले.

मग दोन्हींत फरक काय?

इथे एक छोटं गणित करूया. सेसना १७२ हे प्रशिक्षणातलं नेहमीचं विमान. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेतंय असं धरा.

२४०० ÷ ६० = सेकंदाला ४० फेरे
पंख्याला २ पाती : ४० × २ = ८० हर्ट्झ

चार सिलिंडरच्या या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे तेही ८० हर्ट्झच! हा घुमणारा, खोल आवाज. त्याची एक लाट सुमारे ४.३ मीटर लांब, म्हणजे जवळपास वर्गखोलीच्या रुंदीएवढी. अशी लांब, संथ लाट कपाच्या भिंतीला फारशी जुमानत नाही. पण ती संथ असल्यामुळे सर्किटला उलट लाट बनवायला वेळ मिळतो. याउलट ३००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटिमीटरची. ती कप सहज अडवतो, पण तिच्याशी सर्किटला जुळवून घेता येत नाही.

थोडक्यात, किणकिणाट कपाने अडवावा आणि घरघर सर्किटने खोडावी. खोल घरघर व्यंजनांनाही झाकून टाकते, म्हणून ए.एन.आर. लावला की बोलणं स्पष्ट होतं आणि थकवाही कमी येतो.

घेताना काय पाहाल?

• पिन : छोट्या विमानात सहसा दोन पिना असतात, ऐकण्याची जाड आणि माईकची जराशी बारीक. हेलिकॉप्टरची एकच पिन असते. माझ्या विद्यार्थिनीने घाईत एक जुना हेडसेट घेतला, तो नेमका हेलिकॉप्टरचा निघाला! विक्रेत्याने सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. आपल्या विमानात कोणती जागा आहे ते आधी बघून या.

• गादी आणि चष्मा : चष्म्याची काडी जाड असेल तर फट पडते आणि आवाज आत शिरतो. चष्मा लावूनच हेडसेट घालून बघा. गाद्या बदलता येतात, म्हणून जुना घेतलात तर गाद्या नव्या टाका.

• वजन आणि दाब : पाच मिनिटांत सगळेच बरे वाटतात. निदान अर्धा तास घालून बसा.

• माईक : तो ओठांच्या अगदी जवळ, साधारण बोटाच्या अर्ध्या रुंदीइतक्या अंतरावर हवा. दूर राहिला तर इंजिनच जास्त बोलतं!

• बॅटरी : ए.एन.आर.ची बॅटरी संपली तरी चांगल्या हेडसेटमध्ये रेडिओ ऐकू येतो, फक्त घरघर परत येते. उड्डाणाला निघताना जादा सेल खिशात असू द्या.

• जादा सोयी : ब्लूटूथ असतो. लाइटस्पीडच्या डेल्टा झुलू हेडसेटमध्ये तर कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा सेन्सर आहे. हा वायू वासावरून कळत नाही, म्हणून ही सोय दिखाऊ नाही. पण पहिल्या खरेदीत तिच्यासाठी अडून बसू नका.

आणि एक सावधगिरी. आवाज कमी झाला म्हणजे इंजिनातला बदलही कानाला उशिरा कळू शकतो. नजर काट्यांवर हवीच.

मी काय सांगितलं?

"बाळा, परवडत असेल तर ए.एन.आर. उत्तमच. पण कर्जावर कर्ज नको. चांगला पॅसिव्ह घे, नवीन गाद्या टाक, आणि गरज वाटली तर आत फोमचे इअरप्लग घालून रेडिओचा आवाज थोडा वाढव. फक्त स्वस्त म्हणून सैल बसणारा घेऊ नकोस."

तिने एका सीनियरकडून वापरलेला पॅसिव्ह घेतला, गाद्या बदलल्या. परवा फोन आला, "सर, बोलणं नीट कळतंय." आवाजात आनंद होता. तो मात्र मला कुठल्याही यंत्राशिवाय ऐकू आला!

वर्गासाठी स्वाध्याय

१) पंखा मिनिटाला २७०० फेरे घेतो, पाती २. किती हर्ट्झ? (उत्तर : ९०)
२) गिरणीजवळ उभे राहून मित्राला दहा शब्द सांगा. कोणती अक्षरं चुकली ते लिहा.
३) तुमच्या गावात कानांना धोका असलेली कामं कोणती? यादी करा.

लेख आवडल्यास आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत जरूर पोहोचवा.